भरवणारे हात

बाळाला घेऊन कुणी दवाखान्यात शिरलं की नसीम आपा आधी बाळाकडे बघायच्याच नाहीत. आणणाऱ्याच्या खांद्यावरून मागे दारापर्यंत नजर टाकायच्या आणि विचारायच्या, "बाकीचे कुठं आहेत?"

मी जुईला पहिल्यांदा त्यांच्याकडे नेलं तेव्हा मलाही हाच प्रश्न आला. जुई तेव्हा जेमतेम वरणाचं पाणी चाखायला लागली होती. मला वाटलं, बाई नवऱ्याबद्दल विचारतायत. मी म्हटलं, "तो गाडी लावतोय."

"नवरा नाही गं बेटा. भरवणारे. पोरीला घरात कोण कोण भरवतं?"

"मीच भरवते."

"सासू-सासरे आहेत घरात?"

"आहेत ना."

"मग तू एकटी भरवतेस हे तुला कोणी सांगितलं?" असं म्हणून त्यांनी चहात खारी बुडवली. "पुढच्या वेळी सगळे हात घेऊन ये."

खरं सांगायचं तर मला बाई जरा आगाऊच वाटल्या. मी द्राक्षांच्या एका पॅकहाऊसमध्ये माल तपासते. परदेशी जाणाऱ्या पेटीतला एकेक घड उजेडात धरायचा, मण्यावर डाग दिसला की बाजूला काढायचा, हे माझं रोजचं काम. त्यामुळे माझ्या नजरेतून काही सुटतं असं कुणी म्हटलेलं मला खपत नाही. घरी तर मुळीच खपत नाही, असं माझा नवरा संदीप म्हणतो. त्याचं म्हणणं मी तोंडावर कधी मान्य केलेलं नाही.

गंगापूर रोडला एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर आपांचा दवाखाना होता. खालून पावाचा वास यायचा आणि इंजेक्शनला आलेली पोरं रडायची थांबून नाक वर करायची. आपा ठेंगण्या, अंगानं भरलेल्या, नेहमी कडक खळ घातलेल्या सुती साडीत. स्कूटर चालवायच्या तेव्हा आरशात बघणं त्यांना मान्य नव्हतं. मागच्यानं आपलं बघून घ्यावं, अशी त्यांची समजूत होती. माहेर मालेगावचं. घरातच दोन यंत्रमाग आणि त्यांच्या खडखडाटात सगळ्या भावंडांचा अभ्यास. त्या आवाजात वाढल्यामुळे हळू बोलणं त्यांना कधी जमलंच नाही. दाराला पडदा होता तो नावाला. कुणाच्या बाळाला कशी शी झाली हे बाहेरच्या बाकावरच्या सगळ्यांना कळायचं आणि हळूहळू त्याची कुणाला लाजही वाटेनाशी व्हायची.

माणूस बघून त्यांची भाषा बदलायची. सटाण्याकडची बाई आली की "काय व्हयनं पोरले?" अशी अहिराणीत सुरुवात व्हायची आणि ती बाई निम्मी तिथंच बरी व्हायची. पेठकडून मजुरीला आलेली एखादी आई बावरून दाराशी उभी राहिली तर आपा स्वतः उठून तिच्या शेजारी बाकावर बसायच्या आणि तिथंच बाळ तपासायच्या. शिकलेल्या आयांशी मात्र त्या फटकून वागायच्या. आम्ही मोबाइलवर वाचून येतो, त्याचा त्यांना मनस्वी कंटाळा होता. "तुझ्या फोनला विचार, पोरीचं पोट दाबून बघता येतं का त्याला," असं मला एकदा ऐकवलं होतं. मी महिनाभर रागावले होते, आणि महिन्यानंतर लसीसाठी पुन्हा त्यांच्याकडेच गेले होते.

त्यांचं एक ठरलेलं बोलणं होतं. औषध देताना बाळाला काही त्रास झाला की लोक घाबरून औषध टाकून द्यायचे, नाहीतर दुसरा डॉक्टर गाठायचे. त्यावर आपा म्हणायच्या, "आमचे अब्बा धागा तुटला म्हणून कापड फाडत नव्हते. लूम थांबवायचे, कुठं तुटलाय ते शोधायचे, गाठ मारायचे, परत चालू." हे त्या इतक्यांदा म्हणायच्या की त्यांची रिसेप्शनवरची मुलगी ओठ हलवून सोबत म्हणायची. मला ते वाक्य नीट कळलं ते जुई दीड वर्षाची असताना, बागांची छाटणी चालू होती त्या दिवसांत.

जुईला कान दुखून ताप आला होता. आपांनी औषध दिलं, ताप उतरला, कान बरा झाला. पण मग तिच्या गालांच्या आतून आणि जिभेवर पांढरे चट्टे दिसायला लागले. दुधाची साय चिकटावी तसे, पण पुसून निघेनात. ती दोन घास घ्यायची आणि तोंड फिरवायची. मी तिला घेऊन दवाखान्यात गेले तर आपा बाहेर पडायच्या घाईत होत्या. मालेगावला पुतण्याचं लग्न होतं, खाली गाडी उभी होती, त्यांच्या हातांवर मेंदी होती आणि अंगावर हिरवी जरीची साडी. त्या रूपात त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं.

त्यांनी उभ्याउभ्याच जुईचं तोंड उघडून पाहिलं. "बुरशी आहे. घाबरू नको, होते लहान मुलांना. हे थेंब दे, संपेपर्यंत द्यायचे," असं म्हणून चिठ्ठी लिहिली आणि जिना उतरल्या. ‘बाकीचे कुठं आहेत’ हे त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही. माझ्या ते लक्षात आलं आणि मला बरंच वाटलं.

थेंब पिवळे होते, गोडसर वासाचे. पहिल्या दिवशी जुईनं ते मिटक्या मारत घेतले. दुसऱ्या दिवशी उलटी झाली. मग जुलाब सुरू झाले. मी औषधाच्या खोक्यातला बारीक अक्षरातला कागद काढून वाचला. मळमळ, उलटी, जुलाब होऊ शकतात, असं त्यात लिहिलंच होतं. झालं, आरोपी सापडला.

घरात दोन पक्ष पडले. सासूबाईंचं म्हणणं, "ते पिवळं बंद कर बाई. पोरीचं आतडं पिळून निघालं." माझं म्हणणं, डॉक्टरांनी संपेपर्यंत द्यायला सांगितलंय तर द्यायचं. सासरे, म्हणजे नाना, यांचं दिंडोरीकडे द्राक्षाचं क्षेत्र. ते सकाळी बागेत जायचे आणि दुपारी परत यायचे. त्यांनी कुणाचीच बाजू घेतली नाही, फक्त जुईच्या पाळण्यापाशी फेऱ्या मारल्या. संदीप म्हणाला, "आपांना येऊ दे लग्नाहून." पण आपांचं लग्नघर आवरेना आणि इकडे जुई दिवसागणिक मलूल होत चालली. मला राग यायचा तो सासूबाईंचा. रात्रंदिवस माझ्या हातातल्या बाटलीकडे त्या अशा बघायच्या, की मी पोरीला विषच पाजतेय.

मग एक सकाळ अशी आली की जुईनं दूध मागितलं नाही. मी कामावर निघताना ती नेहमी माझ्या पर्सचा पट्टा धरून भोकाड पसरायची. त्या दिवशी तिनं नुसतं बघितलं. ओठ कोरडे पडले होते. मी पर्स खाली ठेवली. आपा आदल्या दिवशीच परतल्या होत्या. नानांनी जीप काढली. "मी येतो," "मी पण येते," असं करत सगळेच बसलो. तोवर आपांचा नियम कुणाच्याच डोक्यात नव्हता. घरी थांबायचा धीर कुणाला नव्हता, एवढंच.

आपांनी दारात आम्हा चौघांना पाहिलं आणि म्हणाल्या, "सगळे आलात. बरं झालं."

त्यांनी जुईला टेबलवर घेतलं. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. जीभ पाहिली. जुई कुरकुरली, मग रडली. आपा तिच्या डोळ्यांकडे टक लावून बघत होत्या.

"रडते, पण डोळ्यात पाणी येत नाही नीट," त्या म्हणाल्या. "शू कधी केली होती?"

मला सांगता येईना. सासूबाईंना येईना. लंगोट दर वेळी जुलाबानंच भरलेला असायचा, त्यात शू होती की नव्हती कुणी पाहिलं होतं?

आपा खुर्चीवर बसल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "ऐका. पोर कोरडी पडत चाललीये. दोन गोष्टी असू शकतात. हे थेंब तिला सोसत नसतील, तर मी औषध बदलते आणि तिला सलाइनसाठी मोठ्या दवाखान्यात भरती करते. पण या थेंबांनी एवढे जुलाब व्हावेत असं मला वाटत नाही. दुसरंही काही पोटात जात असेल, तर औषध बदलून उपयोग नाही. तिथंही तेच होणार. म्हणून मला आत्ता कळलं पाहिजे, हिच्या तोंडात कोणी कोणी काय काय घातलं."

खालून भट्टीचं दार उघडल्याचा आवाज आला. मी सासूबाईंकडे पाहिलं, त्यांनी नानांकडे, नानांनी छताकडे.

तेव्हा आपांनी मेंदीचा हात टेबलवर ठेवला. "पहिला हात माझा," त्या म्हणाल्या. "कानासाठी मी जे औषध दिलं त्यानं पोटातले चांगले जंतूही मेले, म्हणून ही बुरशी वाढली. कान बरा करायचा तर ते द्यावं लागलं, पण ही बुरशी आणली ती मीच. आणि त्या दिवशी लग्नाच्या घाईत मी विचारलं नाही घरात कोण भरवतं. हिला थेंब कसे द्यायचे तेही नीट दाखवलं नाही. ते माझं. आता दुसरा हात कोणाचा?"

डॉक्टरला असं बोलताना मी आजवर ऐकलं नव्हतं. मी सांगितलं, की मला सकाळी लवकर निघायचं असतं, म्हणून मी उपाशीपोटीच थेंब देते, आणि ती थुंकू नये म्हणून पार घशापाशी पिचकारी मारते.

"त्यानं उलटी होणारच," आपा म्हणाल्या. "पुढे?"

संदीप म्हणाला, "मी ज्यूस देत होतो. खोक्यातलं, सफरचंदाचं. ती दुसरं काही घेत नव्हती ना. गाडीत फिरवायचो आणि पाजायचो." मला याचा पत्ताच नव्हता. मी तोंड उघडलं तर आपांनी बोट वर केलं.

"कोणी कोणाला बोलायचं नाही. माझ्या दवाखान्यात खरं सांगणाऱ्याला बोलणी खावी लागत नाहीत. त्या ज्यूसमधली साखर जुलाब वाढवते. पुढे?"

नाना खाकरले. "जलसंजीवनीची पुडी देत व्हतो म्या. पाणी कमी जाऊ नये म्हून."

"छान केलंत. कशात कालवली?"

"फुलपात्रात."

"आख्खी पुडी?"

"पातळ औषध लागू व्हत नाय, मॅडम. आपण बागेत बी जरा कडकच ठेवतो."

आपांनी डोळे मिटले आणि उघडले. "नाना, तुम्ही फवारणीच्या टाकीत एका वेळी किती औषधं मिसळता?"

"दोन. लय झालं तर."

"आणि चार घातली तर?"

"पानं करपत्यात."

"आणि एकरभराचं औषध एका बादलीत कालवून एकाच वेलीवर मारलं तर?"

नानांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. छाटणीनंतरच्या पावसात बागेचं कितीही नुकसान झालं तरी ज्या माणसाचा चेहरा हलत नाही, त्याची हनुवटी थरथरत होती. आपांनी लगेच खुर्ची त्यांच्याकडे ओढली. "नाना, पुडी द्यायचं सुचलं तुम्हालाच. फक्त ती आख्खी पुडी लिटरभर पाण्यात जाते. कमी पाण्यात मीठ जास्त होतं आणि पोर आणखी कोरडी पडते. आज तुम्ही इथं, माझ्यासमोर कालवायची."

राहिल्या सासूबाई. आपांनी त्यांना काहीच विचारलं नाही. जुईचं रक्त तपासायला पाठवलं आणि बाकावर गादी घालून तिथं सासूबाईंना बसवलं. जुई त्यांच्या मांडीवर दिली. नानांनी उकळून गार केलेलं पाणी मोजून घेतलं, पुडी कालवली, चव घेऊन आपांना दाखवली. वाटीत ते पाणी आणि एक चमचा.

"आता दवाखाना बंद होईपर्यंत हेच काम," आपा म्हणाल्या. "थोडं थोडं, घोट घोट. उलटली तर जरा थांबायचं आणि परत चालू. सगळ्यांनी आळीपाळीनं द्यायचं. पण जो देईल त्यानं मोठ्यानं सांगायचं, ‘मी दिला.’ चोरून प्रेम करायचं नाही."

आणि आम्ही तसं केलं. बाहेर ताप-खोकल्याची पोरं, आत येणारे-जाणारे पेशंट, आणि मध्येच आमच्या बाकावरून आवाज, "मी दिला." संदीपचा, माझा, नानांचा. सटाण्याच्या एका बाईला वाटलं हा काही नवस आहे.

सासूबाईंचा आवाज मात्र येत नव्हता. त्या चमचा भरून माझ्याच हातात द्यायच्या. मग एकदा मी उठून बाहेर गेले होते म्हणून त्यांना स्वतःच द्यावा लागला. परत आले तर दारातूनच दिसलं, की ओघळ पुसायला सासूबाईंचं बोट तिच्या ओठांपाशी गेलं आणि जुईनं मान मागे टाकली, दोन्ही हातांनी तोंड झाकलं. माझ्या हाताला ती असं करत नव्हती. माझ्या आधी ते आपांनी पाहिलं होतं. त्या हातातला पेशंट सोडून आल्या आणि सासूबाईंच्या शेजारी बसल्या.

"ताई, आमची अम्मी टाकणखार लावायची," आपा म्हणाल्या. आवाज इतका हळू, की मला पुढं सरकून ऐकावं लागलं. "तोंड आलं की मधात कालवून. आमच्या सगळ्यांना लावलाय. झोंबायचा फार."

सासूबाई बराच वेळ जुईच्या पायातल्या वाळ्याशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्या बी लावला. लाही करून, मधातून. रोज. संदीपचं तोंड आलं तवा बी लावला व्हता, त्याला गुण आला व्हता. हिला येईना म्हून म्या जास्त लावला." आणि त्यांनी पदर तोंडात धरला. "माझ्या हातानंच पोरगी अशी झाली का हो?"

मला वाटलं होतं, मी हे ऐकलं तर आकाशपाताळ एक करीन. गेले कितीतरी दिवस मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते. पण जुईनं ज्या हाताला भिऊन तोंड झाकलं त्याच हातानं त्या डोळे पुसत होत्या, आणि मला त्यांची फार दया आली. मी त्यांच्या पायाशी जमिनीवर बसले.

"एका हातानं काही होत नाही ताई," आपा म्हणाल्या. "पण हा टाकणखार पोटात गेला की उलट्या-जुलाब होतात, जास्त गेला तर त्याहून वाईट. लहान पोराच्या तोंडात तो कधीच नको. घरात असेल तेवढा आज टाकून द्या. तुम्ही सांगितलंत ते फार चांगलं केलंत. नाहीतर मी थेंबांनाच दोष दिला असता, याहून कडक औषध लिहिलं असतं, आणि घरी तुम्ही टाकणखार चालू ठेवला असता." मग त्यांनी बोटभर की चिमूटभर, केव्हा, किती वेळा, असं सगळं विचारून घेतलं आणि आत जाऊन आपल्या एका जाणत्या डॉक्टर मैत्रिणीला फोन केला. परत आल्या तेव्हा चेहरा सैल होता. "बघत राहू. पाणी पोटात टिकतंय. टिकलं तर भरती नको. सुस्तावली, जागी होईना, किंवा शीमध्ये रक्त दिसलं, तर मात्र मी एक मिनिट थांबणार नाही."

त्यांनी चमचा सासूबाईंच्या हातात दिला. "आता बोट नको. चमचा. आणि सांगायचं."

सासूबाईंनी चमचा पुढं केला. जुईनं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग तोंड उघडलं.

"म्या दिला," सासूबाई म्हणाल्या.

दुपारी रक्ताचा रिपोर्ट आला, तो ठीक होता. त्यानंतर थोड्या वेळानं जुई नानांच्या मांडीवर होती आणि नाना एकदम ताठ झाले. त्यांच्या पांढऱ्याशुभ्र पायजम्यावर ओल पसरत होती. त्यांनी जागचं न हलता हाक मारली, "मॅडम, ओ मॅडम, शू केली." दवाखान्यातली सगळी माणसं वळून बघायला लागली. आपा पडदा सारून आल्या, कमरेवर हात ठेवून नानांकडे पाहत राहिल्या.

"नाना," त्या म्हणाल्या, "छाटणीनंतरचा पाऊस तुम्हाला चालत नाही ना? आज चालला."

नाना हसता हसता रडले. ते मी तेव्हाच एकदा पाहिलंय.

थेंब बंद झाले नाहीत. त्या संध्याकाळचे तेवढे चुकवले आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरू केले, पण आपांनी हातात ड्रॉपर धरून शिकवलं तसे. आधी थोडं खायला द्यायचं, मग निम्मे थेंब एका गालात, निम्मे दुसऱ्या, सावकाश, घशाकडे नाही. दुधाच्या बाटलीचं बूच रोज उकळायचं, नाहीतर बुरशी तिथूनच परत येते. मऊ खिचडी, ताजं दही, केळं. खोक्यातला ज्यूस बंद. एक-दोन दिवस शी पातळ राहिली तेव्हा मी घाबरून फोन केला. आपा म्हणाल्या, "थेंबांनी एवढं होऊ शकतं. खेळते का? शू करते का? मग कापड फाडू नको." चट्टे गेल्यावर मला औषध थांबवायचा मोह झाला, तर नानांनीच अडवलं. वेलीवरची भुरी, तीही बुरशीच, दिसेनाशी झाली म्हणून फवारा अर्ध्यावर सोडला की ती दुप्पट जोमानं येते, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. बाटली संपली तेव्हा जुई पुन्हा माझ्या पर्सचा पट्टा धरून भोकाड पसरायला लागली होती. त्या रडण्यात डोळे भरून पाणी होतं, आणि मला ते बघून इतकं बरं वाटलं की मी कामावर उशिरा पोचले.

तो ‘मी दिला’चा नियम मात्र आमच्या घरात कायमचा राहिला. पुढं जुई शाळेत जायला लागली तरी तिला तापाचं औषध दिलं की देणारा मोठ्यानं सांगायचा. नानांना मधुमेह निघाल्यापासून तो नियम त्यांनाही लागू झाला. सासूबाईंनी दिलेला लाडू मला कळतो, संदीपनं दिलेला सासूबाईंना कळतो, आणि तिसरा लाडू काही मिळत नाही. आपांचं नाव निघालं की नाना अजून कुरकुरतात.

मागच्या वर्षी आपांनी दवाखाना बंद केला. आजार मोठा होता आणि त्याची औषधं त्याहून मोठी. त्यांनी लग्न केलं नव्हतं, गंगापूर रोडलाच दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. मालेगावहून त्यांची भाची शबाना सोबतीला येऊन राहिली होती. काही महिन्यांत आपा गेल्या. मालेगावला नेलं त्यांना. नाना, संदीप आणि मी गेलो होतो.

पण मला त्यांना आठवायचं असतं ते त्याच्या थोडं आधीच्या एका दुपारी. मी जुईला घेऊन भेटायला गेले होते. जुई तेव्हा तिसरीत होती. आपा खूप वाळल्या होत्या, पण साडीला खळ होतीच. टेबलवर डब्यांची रांग. शीरखुर्मा, आंब्याची वडी, कुणाचा बदामाचा शिरा, कुणाचं काढ्याचं पातेलं. जुन्या पेशंटांच्या आया आणून देत होत्या.

"तोंड आलंय माझं," आपांनी जीभ काढून मला दाखवली. त्यावर तेच पांढरे चट्टे होते. "बुरशी. तेच पिवळे थेंब चालू आहेत, आणि पोट बिघडलंय. बघ हे डबे. प्रत्येक जण एक एक चमचा भरवून जातो. मी कोणाला नाही म्हणू? शबाना बिचारी वैतागली. आयुष्यभर लोकांना शिकवलं, आणि आता माझ्याच टाकीत दहा औषधं."

आवाजही राहिला नव्हता. पलंगाच्या काठाशी बसून ऐकावं लागत होतं. मला आतून भडभडून आलं, पण त्यांच्यासमोर रडायची हिंमत झाली नाही.

शबाना आत भाताची पेज गार करत होती. तिनं वाटी आणून उशाशी ठेवली आणि पुन्हा स्वयंपाकघरात गेली. जुईनं माझ्याकडे पाहिलं, उठली, मोरीत जाऊन साबणानं हात धुऊन आली. चमच्यात अर्धीच पेज घेतली, फुंकर मारली आणि आपांच्या ओठांशी नेली. आपांनी तोंड उघडलं. जुईनं सावकाश, गालाच्या कडेनं भरवलं. घशाकडे नाही. तिला हे कुणी शिकवलं होतं मला माहीत नाही. आमच्या घरात ती गोष्ट इतक्यांदा सांगून झालीये की ऐकूनच आलं असावं. मग दुसरा चमचा. मग ती थांबली, वाटी खाली ठेवली आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून खणखणीत आवाजात म्हणाली,

"शबानामावशी, पेज मी दिली."

आतून शबाना म्हणाली, "बरं."

आपा उशीवर मान टाकून जुईकडे बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी भरलं आणि दोन्ही बाजूंनी उशीवर ओघळलं. मी रुमाल शोधायला पर्स उघडली, तर त्यांनी हातानं मला थांबवलं.

"राहू दे बेटा," त्या म्हणाल्या. "बघ, पाणी येतंय. म्हणजे अजून कोरडी नाही पडले."